आई-बाबांना घेऊन समुद्रावर एक दिवस, आणि संकष्टीच्या रात्रीचे भजन

पूर्णाकाठ

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील जमीन काळीभोर आणि खोल असली तरी विहीर खणली की पाणी खारे लागते. त्यामुळे पायाखाली पाणी असूनही आमची शेती पिढ्यानपिढ्या पावसाच्या भरवशावर राहिली. अशा गावात जन्म काढलेल्या माझ्या आईला (वय ६९) आणि बाबांना (वय ७६) घेऊन आम्ही मागच्या पौष महिन्यात अलिबागला जाऊन आलो. बरोबर पत्नी आणि दोन मुले होती. आपल्या भागातील अनेक घरांत म्हाताऱ्या माणसांना एकदा समुद्र दाखवायचे मनात असते आणि ते राहून जाते, म्हणून आमच्या त्या एका दिवसाबद्दल सविस्तर लिहितो आहे.

खरे तर आईने समुद्र त्याआधीही पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी एका प्रवासी संस्थेच्या गाडीतून आम्ही कोकणात गेलो होतो. दोन दिवसांत सात ठिकाणे ठरलेली होती. प्रत्येक किनाऱ्यावर गाडी वीस-पंचवीस मिनिटे थांबे. गुडघे धरलेली आई पायऱ्या उतरून वाळूपर्यंत पोचते न पोचते तोच परत बोलावणे येई, आणि शेवटच्या दोन ठिकाणी तर ती गाडीतून उतरलीच नाही. घरी आल्यावर शेजारणीने विचारले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "समुद्र पाह्यला म्हनाले पाह्यला, पन मी त्याच्यापाशी बसलीच नाही." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. म्हणून या वेळी आम्ही एकच गोष्ट ठरवली होती: ठिकाण एकच, किनारा एकच, आणि एक पूर्ण दिवस असा की ज्यात कोणालाही कुठेही पोचायचे नाही.

वेळ शेतीच्या कामावरून ठरली. कापसाचा शेवटचा वेचा झाला होता, तूर घरात आली होती आणि हरभरा घाट्यावर होता. सोंगणीला अजून अवकाश असल्यामुळे चार दिवस भावाच्या हवाली करणे शक्य झाले. मूर्तिजापूरहून मुंबईकडे जाणारी रात्रीची गाडी धरली की सहाशेहून अधिक किलोमीटरचे अंतर झोपेत जाते. पहाटे मुंबईत उतरून आम्ही गेटवे ऑफ इंडियाला गेलो आणि तिथून मांडव्याची लाँच पकडली. हा प्रवास सुमारे एक तासाचा आहे, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात येते. थंडीच्या दिवसांत लाँचच्या मागे समुद्रपक्ष्यांचे थवे धावत येतात. मुले ते बघण्यात इतकी गुंतली होती की लाँच हलते आहे याची भीती त्यांना वाटायचीच राहिली. बाबांनी मात्र मांडवा येईपर्यंत लोखंडी कठडा सोडला नाही.

आता तिथीबद्दल लिहितो, कारण या प्रवासात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे. आम्ही अलिबागला पोचलो त्या दिवशी कृष्ण तृतीया होती. दुपारी किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी भरलेले होते आणि समोरचा कुलाबा किल्ला चारी बाजूंनी वेढलेला दिसत होता. अलिबागला आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकांनी बाबांना सांगितले की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीया म्हणजे तीन, त्याचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, म्हणजे तीन वाजता. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी येते, म्हणून चतुर्थीला सकाळी नऊच्या आसपास पाणी सर्वांत मागे असणार. बाबांना घड्याळापेक्षा तिथी जवळची वाटते. पेरणीपासून लग्नापर्यंत सर्व काही ते पंचांगावरून पाहतात. त्यांनी हा हिशोब एकदाच ऐकला आणि बोटाच्या पेरांवर पंधराही तिथी मोजून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही वाळूवर आलो तेव्हा आदल्या दिवशीचा समुद्र जागेवर नव्हता. जिथे लाटा फुटत होत्या तिथे ओली, घट्ट, काळपट वाळू पसरली होती आणि माणसे त्यावरून किल्ल्याकडे चालत जात होती. आई काठावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "येवढं पानी कोठी गेलं रे बाबू?" तिने वाकून वाळू चिमटीत घेतली, चोळली, आणि आपल्या मातीसारखीच काळी आहे पण पायाला चिकटत नाही, असे तिचे मत पडले. पावसाळ्यात आमच्या रानात पाय टाकला की चपलेला शेरभर चिखल येतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला तिचे म्हणणे कळेल. पुढे एका डबक्यातले पाणी तिने बोटाने जिभेला लावले आणि लगेच तोंड वाकडे केले. आमच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा हे पुष्कळच खारे होते, कारण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तरीही चव ओळखीची आहे, असे ती म्हणाली.

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, आणि संकष्टी असल्यामुळे त्या दिवशी दर्शनाला बरीच गर्दी होती. आईचा उपास होता. दर्शन झाल्यावर ती सावलीत बसली, आणि तिथेच तिला कोणीतरी सांगितले की या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. तिला ते खरे वाटेना. आमच्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि विहीर खारी. इथे चहूबाजूंनी समुद्र आणि विहीर गोडी! ती उठून पायऱ्यांपाशी गेली, कठड्यावर हात ठेवून आत वाकली आणि हिरवट पाण्याकडे पाहत राहिली. तिच्या तरुणपणी तिने दीड कोसावरून डोक्यावर गोडे पाणी वाहिलेले आहे. त्या विहिरीपाशी ती काहीच बोलली नाही. निघताना मात्र तिने ओंजळभर फुले, जी गणपतीसाठी घेऊन उरली होती, त्या कठड्यावर ठेवली.

पाणी परत चढायच्या आत, साडेदहाच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर आलो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही काहीही केले नाही, आणि हाच त्या दिवसाचा गाभा होता. सुरूच्या झाडांखाली चटई टाकली. आईने शहाळे घेतले, आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मुलांनी वाळूत बंधारा घातला, पाणी चढत आले तसा तो मोडला, आणि त्यांनी पुन्हा वर दुसरा घातला. पत्नी दुपारी दोन तास झोपली. घरी दिवसा तिला झोपलेली मी कधी पाहिलेली नव्हती. बाबा दर थोड्या वेळाने पाण्याच्या कडेला एक काडी रोवून येत आणि ती केव्हा बुडते ते बघत. तीनच्या पुढे काडी बुडायची थांबली तेव्हा त्यांनी मला हाक मारून ते दाखवले.

सूर्य मावळायला आला तेव्हा बाबा म्हणाले की इथे दिवस लांबतो. ते खरेच आहे. आमचे गाव अलिबागच्या पूर्वेला सुमारे साडेचार रेखांशांवर असल्यामुळे तिथला सूर्य आमच्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटे उशिरा मावळतो. गुरे बांधायची वेळ झाली, पण उजेड आहे आणि गुरेही नाहीत, असे ते दोनदा म्हणाले.

रात्री घरमालकांच्या आळीतील गणपतीच्या देवळात संकष्टीचे भजन होते. बाबा माळकरी आहेत आणि आमच्या गावच्या मंडळात खंजिरी वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे हे वाद्य आमच्याकडे गावोगाव पोचले. ती खंजिरी त्यांनी पिशवीत घालून आणली होती, हे मला तोवर माहीत नव्हते. बाहेर काढून थाप मारली तर नाद फुटेना. समुद्राच्या दमट हवेने चामडे ढिले पडले होते. बाबांचा चेहरा उतरला. तेव्हा मृदंग वाजवणाऱ्या गृहस्थांनी ती हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता देवळामागे पाण्याचा बंब पेटवलेला होता तिथे नेली. निखाऱ्यापासून हातभर अंतरावर ती गोल फिरवत, मधूनमधून अंगठ्याने चामडे दाबून पाहत, त्यांनी ती शेकली. पाच-सात मिनिटांत तिचा आवाज परत आला. नंतर दर दोन अभंगांनी कोणी ना कोणी ती शेकून आणत होते.

त्यांचे भजन आमच्यापेक्षा चढ्या सुरात आणि जलद चालते. आधी रूपाचा अभंग, मग गजर, मग गवळण, असा त्यांचा क्रम होता. पेटीवर बसलेल्या बुवांनी एक चरण म्हटला की मागची दहा-बारा माणसे तो एकदम उचलून धरत, आणि टाळांचा आवाज इतका भरीव होता की छातीत जाणवे. मध्ये बुवांनी बाबांना पुढे बोलावले. बाबांनी आमच्याकडच्या संथ चालीत एक अभंग धरला. सुरुवातीला टाळ पुढे पळाले. मृदंग वाजवणाऱ्यांनी हात आखडता घेतला, टाळकऱ्यांना मान हलवून खूण केली, आणि तिसऱ्या चरणापासून सगळे एकत्र आले. आठ मात्रांचा भजनी ठेका दोन्हीकडे एकच आहे, फरक फक्त चालण्याच्या वेगाचा आहे. माझ्या बाबांना मी गावच्या देवळात शेकडो वेळा गाताना ऐकले आहे, परंतु अनोळखी माणसे त्यांचा सूर झेलत आहेत आणि ते डोळे मिटून गात आहेत, हे मी प्रथमच पाहिले.

नऊ वाजून गेल्यावर चंद्र उगवला. समुद्र पश्चिमेला आणि चंद्र पूर्वेला, म्हणून तो वाडीतल्या नारळी-पोफळींमागून वर आला आणि त्याचा उजेड आमच्या डोक्यावरून समोरच्या ओल्या वाळूवर पडला. पाणी पुन्हा दूर गेले होते. आईने चंद्राला अर्घ्य दिले, घरमालकिणीने केलेले उकडीचे मोदक आले आणि भजन पुढे चालू राहिले.

ज्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना असे नेले आहे, त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. ज्यांना न्यायचे आहे त्यांच्या प्रश्नांना मला जमेल तसे उत्तर देईन.

पऱ्हाटी

धाग्यातील आईंचे वाक्य वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा भागात राहतो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, त्या नऊवारी नेसतात आणि परक्या ठिकाणी संडास-न्हाणीची सोय कशी असेल या चिंतेने त्या लग्नकार्यालाही मुक्काम करीत नाहीत. लाँचमध्ये चढणे-उतरणे त्यांना जमेल का? राहण्याचे घर निवडताना तुम्ही काय विचारून घेतले? खर्चाचाही अंदाज द्यावा, कारण आमच्याकडे या वर्षी कापसाने हात दिलेला नाही.

पूर्णाकाठ

ताई, लाँचच्या धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात आणि पाण्याबरोबर लाँच वर-खाली होते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असेल तर तो मार्ग मी सुचवणार नाही. आईला दोघांनी हात धरून चढवावे लागले होते. परतताना आम्ही एसटीने अलिबागहून पेणमार्गे पनवेलला आणि तिथून कल्याणला गेलो, आणि रात्रीची गाडी कल्याणला धरली. हा मार्ग वेळ जास्त घेतो, पण त्यात चढ-उतार कमी आहे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, म्हणून बाबांचे तिकीट लागले नाही आणि आई व पत्नीचे अर्धेच लागले. बाबांचे आधार कार्ड मात्र वाहकाने तपासले, ते हाताशी ठेवावे.

घर ठरवताना मी फोनवर तीन गोष्टी विचारल्या. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि किनाऱ्यापर्यंत पायी किती वेळ लागतो. तिसऱ्या प्रश्नाला सगळेजण "पाच मिनिटे" असे उत्तर देतात, म्हणून मी पुढे विचारले की तुमच्या घरची आजी किती वेळात जाते. त्यावर खरे उत्तर मिळाले. जेवण शाकाहारी हवे हेही आधी सांगितले होते. तिकडे घरोघरी मासळी शिजते, परंतु आमच्यासाठी त्यांनी वालाचे बिरडे वेगळ्या भांड्यात केले. खर्चाचे म्हणाल तर सर्वांत मोठी बचत एकाच ठिकाणी राहण्यात झाली, कारण अलिबागला पोचल्यावर आम्ही एकदाही गाडी भाड्याने घेतली नाही. मागच्या सात ठिकाणांच्या सहलीला माणशी जेवढे लागले होते, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक या वेळी लागले.

अष्टागरी

मी मूळचा अलिबाग तालुक्यातला आणि नोकरीमुळे गेली काही वर्षे वर्धा जिल्ह्यात आहे, म्हणून दोन्हीकडची माणसे ओळखतो. धागा वाचून फार आनंद झाला. पाऊणपटीच्या हिशोबात थोडी भर घालतो, कारण त्यावर विसंबून कोणी किल्ल्यात अडकू नये.

हा हिशोब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाल तसतशी भरती आधी येते. शिवाय वेळ कळली तरी पाणी किती हटेल हे तिथीवरच अवलंबून असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या वेळी पाणी खूप चढते आणि तेवढेच मागेही जाते, त्यामुळे किल्ल्याची वाट कोरडी मिळते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, म्हणजे ते फार चढत नाही आणि फार मागेही जात नाही. त्या दिवशी सुकती, म्हणजे ओहोटी, दुपारी बाराला येते खरी, पण वाटेत गुडघाभर पाणी राहू शकते, आणि वयस्कर माणसांनी अशा वेळी घोडागाडीने जावे किंवा जाऊच नये. चतुर्थीची सकाळ तुम्हाला उत्तम लाभली. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे तुम्ही एक दिवस थांबला असतात तर दहाच्या सुमारास ओहोटी मिळाली असती.

खडकांवर शेवाळ असते, तिथे चप्पल घसरते. पाणी उतरत असताना खोल जाऊ नये, कारण ओढ बाहेरच्या दिशेने असते आणि सपाट दिसणारे पाणी माणसाला ओढून नेते. नदीत पोहणाऱ्यांना आपण तरबेज आहोत असे वाटते, आणि दरवर्षी अपघात होतात ते बहुधा देशावरून आलेल्या तरुणांचे. पावसाळ्यात तर येऊच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, मांडव्याच्या लाँच बंद असतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर आमचे कोळी बांधव पुन्हा दर्यावर जातात.

विहिरीबद्दल तुमच्या आईंना जे वाटले ते आमच्या वाड्यांनाही लागू आहे. अक्षी-नागावच्या वाड्यांत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या विहिरी आहेत. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहते. पूर्वी रहाटाने बेताने पाणी काढत, म्हणून ते टिकले. आता पंपाने जास्त उपसा झाला की खालचे खारे पाणी वर येते, आणि काही वाड्यांत नारळ सुकू लागले आहेत. खारपाणपट्ट्यातील माणसाला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्णाकाठ

फार आभारी आहे. भांगाच्या पाण्याची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आम्ही चतुर्थी निवडली ती केवळ आईला संकष्टीला गणपतीचे दर्शन व्हावे म्हणून, आणि ओहोटी जुळली तो योगच म्हणायचा. एक विचारायचे राहिले होते. आईने तिथून पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा आणल्या. पाती एकमेकींत गुंफून वेणी घातलेली, कांदे हाताच्या मुठीत दोन मावतील एवढे, आणि तिखटपणा जवळजवळ नाहीच. तिने विणीची पद्धत दुकानदाराकडून दोनदा करवून पाहिली. बाबा माळकरी असल्याने कांदा खात नाहीत, पण ती माळ त्यांनीच ओसरीच्या आढ्याला टांगली. हा कांदा आमच्या जमिनीत येईल का?

अष्टागरी

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आमच्याकडे तो घेतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बी लावले तर कांदा येईल, पण तुमच्या काळ्या चिकट मातीत तो गोडवा उतरेल असे मला वाटत नाही. माळ वाऱ्यावर टांगली हे योग्य केले.

झाडीतला

आम्ही गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळ राहतो. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि माणसे रात्रभर मांडवात बसून नाटक आणि त्यातली गाणी ऐकतात. समोर बसलेल्या वादकाचा हात दिसणे आणि चूक झाली तरी ती तिथल्या तिथे सावरली जाणे याची आम्हाला सवय आहे, म्हणून खंजिरी शेकण्याचा प्रसंग मला डोळ्यांपुढे दिसला. आमचे ढोलकीवालेही थंडीत दव पडू लागले की शेकोटीजवळ सरकतात.

पूर्व विदर्भातील वाचकांनी अलिबागऐवजी पुरीचा विचार करावा असे मी सुचवीन. आम्ही गोंदियाहून थेट रेल्वेने गेलो होतो. तिथे समुद्र पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यातून उगवताना दिसतो, आणि पहाटे उठायची सवय असलेल्या शेतकरी माणसाला ती वेळ आपोआप साधते. लाटा मात्र अलिबागपेक्षा पुष्कळ जोरदार आहेत. किनाऱ्यावर वेताच्या टोकदार टोप्या घातलेले नुलिया उभे असतात, जे मूळचे मासेमार आहेत. त्यांचा हात धरल्याशिवाय पाण्यात उतरू नये. माझ्या काकूंनी एका नुलियाचा हात धरून तीन लाटा अंगावर घेतल्या आणि चौथ्या लाटेला त्यालाच सांगितले की आता सोड. भाषा कोणाचीच कोणाला कळत नव्हती, तरी त्याने तिला न सोडता फक्त पकड सैल केली.

कोरडवाहू

मी हा धागा आदराने वाचला, तरी एक मनातले बोलतो. आमच्या गावात कर्जाचे हप्ते थकलेली घरे अर्ध्याहून अधिक आहेत. अशा वेळी म्हाताऱ्यांना समुद्रावर न्यायचे म्हटले तर शेजारी काय म्हणतील याची भीती माणसाला घरी बसवते. माझे वडील तर म्हणतात की शेतकऱ्याने विसावा घ्यायचा तो बांधावरच्या लिंबाखाली. तेवढ्याने भागत असेल तर सहाशे किलोमीटर जाण्याची गरज काय, हा प्रश्न मी टीका म्हणून विचारत नाही. मला खरोखरच उत्तर हवे आहे.

पूर्णाकाठ

दादा, तुमचा प्रश्न आमच्या घरातही झाला होता, आणि तो बाबांनीच विचारला होता. कर्ज काढून कोणी जावे असे मी म्हणणार नाही. आम्ही दोन वर्षे तुरीच्या पैशातून थोडे थोडे बाजूला ठेवले आणि या वर्षी मोटारसायकल बदलायची राहू दिली.

पण बांधावरच्या लिंबाखाली माझ्या आईला विसावा मिळालेला मी पाहिलेला नाही. लिंबाखाली बसली तरी तिच्या हातात निवडायला काहीतरी असते, समोर तण दिसते, आणि गडी कामाला लागला की नाही याकडे तिचा कान असतो. आपले शेत समोर असताना आपल्या माणसांना बसता येत नाही. समुद्राकाठी तिला तोडावे, निंदावे, झाकावे असे काही दिसत नव्हते. दुपारी मी पाहिले तेव्हा तिचे दोन्ही हात उघडे, मांडीवर पालथे पडलेले होते. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. ते हात असे रिकामे मी यापूर्वी फक्त ती आजारी असताना पाहिले होते.

समुद्रच पाहिजे असा माझा हट्ट नाही. आपले शेत जिथून दिसत नाही असे कुठलेही पाणी चालेल. लोकांच्या बोलण्याचे म्हणाल, तर आमच्याकडेही दोघे-तिघे बोलले. त्यातल्या एकांनी परवा येऊन तिथल्या घरमालकांचा फोन नंबर नेला.

मेहकरवाट

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याजवळ लोणारचे सरोवर आहे आणि त्याचे पाणी खारे तसेच अल्कधर्मी आहे. उल्कापाताने झालेले ते विवर पाहायला लोक येतात, पण त्या पाण्यापाशी बसण्याचा अनुभव वेगळा आहे. तिथे लाट नाही, भरती नाही, आणि पाण्याचा आवाज नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यभर तेच खारे पाणी पाहिले आणि समुद्रही तसाच निवांत असेल अशी त्यांची कल्पना होती. आम्ही त्यांना हरिहरेश्वरला नेले तेव्हा ते पहिल्या रात्री आवाजाने झोपलेच नाहीत. सकाळी म्हणाले की हा दमत कसा नाही. दुसऱ्या रात्री मात्र त्याच आवाजावर त्यांना गाढ झोप लागली. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी दोन रात्री राहावे, पहिली रात्र ओळख होण्यात जाते.

पऱ्हाटी

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना मी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कमोडचा उल्लेख आल्यावर त्या पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या. फाल्गुनात हरभरा-गहू निघाला की जायचे ठरते आहे. तेव्हा ऊन फार असेल का, आणि कुठली तिथी धरावी?

अष्टागरी

फाल्गुनात दुपारी वाळू तापते, म्हणून सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर आणि दुपार वाडीच्या सावलीत काढावी. किल्ला पाहायचा असेल तर पौर्णिमेनंतरची तृतीया-चतुर्थी धरा, म्हणजे सकाळी आठ-नऊला ओहोटी मिळेल आणि उन्हाच्या आत परत याल. होळीच्या चार दिवसांत कोळीवाड्यांत मोठा सण असतो. गाणी रात्रभर ऐकायला मिळतील, पण राहायला खोली मिळणे कठीण होते, तेव्हा आधी ठरवावे.

पूर्णाकाठ

ताई, सासूबाईंबरोबर घरात कोणी वाजवणारे-गाणारे असेल तर वाद्य नक्की न्या, आणि चामड्याचे असेल तर कोरड्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. आम्हाला हे तिथल्या मृदंगवाल्यांनी निघताना सांगितले. त्यांच्या मंडळातले चौघे कार्तिकी झाल्यावर आमच्या गावी यायचे म्हणत आहेत. तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणी जोरात असेल, पण भजन रात्रीच असते.

आई आता संध्याकाळी दिवा लावायच्या आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघते. काल अष्टमी होती. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. आत जाता जाता तिने त्यांना सांगितले, "सहा वाजले. तिकडे आता पानी भरलं असन, पन किल्ल्याची वाट काही फार बुडाली नसन, भांगाचं हाये."